तीनचाकी मोटारसायकल-आउताची निगा आणि सुट्या भागांची नोंद

खानदेशांतील काळ्या जमिनीचा वाफसा कोणाची वाट पाहत नाहीं, हें शेतकरी बंधूंस नव्यानें सांगावयास नको. पाऊस उघडल्यावर जमीन आउतास लागावयास दोन-तीन दिवस जातात, आणि पुढची सर येण्यापूर्वीं कोळपणीस जे दिवस मिळतात ते बोटांवर मोजण्याइतकेच असतात. कपाशी उगवल्यापासून पहिल्या सहा-आठ आठवड्यांत तणानें तिला गांठलें, तर मागाहून कितीही निंदणी केली तरी गेलेलें उत्पन्न पदरांत पडत नाहीं. तेव्हां या थोड्या दिवसांत आऊत चालतें असणें यावरच साऱ्या हंगामाचा हिशेब अवलंबून असतो. बैलाचें आऊत मोडलें तर गांवचा सुतार किंवा लोहार तें सायंकाळपर्यंत उभें करून देई. वखराची पास असो कीं कोळप्याचें रुमणें असो, त्याचें माप कारागिराच्या हातांत बसलेलें असे.

आतां परिस्थिति पालटली आहे. बैलजोडी पोसणें पुष्कळांस परवडत नाहीं, वर्षाचा सालदार मिळणें दुर्घट झालें आहे, आणि मोठा ट्रॅक्टर उभ्या पिकाच्या ओळींत शिरत नाहीं. यांतून मोटारसायकलीच्या पुढच्या भागास मागें दोन चाकें व आउताचा दांडा जोडून केलेलें तीनचाकी यंत्र पुढें आलें. गुजराथेंत त्याच्या पहिल्या रूपास 'बुलेट सांती' म्हणतात. सांती म्हणजे तिकडील आऊत. त्याच घाटाचें, कारखान्यांत बांधलेलें पुढील रूप 'सनेडो' या नांवानें ओळखलें जातें. असें यंत्र ज्यांच्या दारीं आहे, किंवा जे तें घेण्याच्या विचारांत आहेत, त्यांच्यासाठीं हा लेख लिहिला आहे. सांगण्याचा मुद्दा एकच आहे. हें यंत्र चालविणें सोपें आहे. त्याचा मोडलेला भाग वेळेवर मिळविणें हें खरें अवघड काम आहे. आणि तें काम यंत्र मोडण्यापूर्वीं, कागदावर, करून ठेवावयाचें असतें.

यंत्राची उत्पत्ति

सौराष्ट्रांतील अमरेली जिल्ह्यांत मोटा देवळिया या गांवीं राहणारे श्री. मनसुखभाई जगानी यांनीं १९९४ सालीं हें यंत्र सिद्ध केलें. अवर्षणामुळें त्या भागांतील लहान शेतकऱ्यांस बैल पोसणें अशक्य झालें होतें. जगानी यांनीं बुलेट मोटारसायकलीचें पेट्रोल इंजिन काढून तेथें साडेपांच अश्वशक्तीचें डिझेल इंजिन बसविलें, आणि मागील एका चाकाऐवजीं दोन चाकांची जोडणी व आउतें लावण्याचा दांडा जोडला. पुढें गुजराथेंतील नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन या संस्थेनें या शोधाची दखल घेतली, आणि २००५ सालीं त्यास अमेरिकेंत पेटंट मिळालें. अर्ध्या तासाच्या आंत, दोन लिटर डिझेलवर, एक एकराचें काम होतें असें या यंत्राविषयीं प्रसिद्ध झालें आहे. जमीन, तण व आउताची खोली यांप्रमाणें हा आंकडा कमीजास्त होणार, हें शेतकऱ्यानें गृहीत धरावें.

बुलेट मोटारसायकल या कामीं सोयीची कां ठरली, हें समजून घेणें अवश्य आहे. कारण सुट्या भागांची आजची अडचण त्यांतूनच निघाली आहे. एन्फील्ड इंडिया ही कंपनी १९५५ सालीं मद्रास येथें निघाली. तिच्या जुन्या बुलेटमध्यें इंजिन आणि गियर-पेटी हीं दोन वेगळीं अंगें असत आणि मधून एक चेन त्यांस जोडी. त्यामुळें गियर-पेटी जागेवर ठेवून केवळ इंजिन बदलणें शक्य होतें. १९९० नंतरच्या दशकांत खुद्द कंपनीनेंही डिझेलवर चालणारी बुलेट विकली. तिचें नांव 'टॉरस', म्हणजे वृषभ. परंतु ती आतां बंद होऊन बराच काळ लोटला आहे. २००८ पासून कंपनीनें इंजिन व गियर-पेटी एकाच कवचांत असलेला नवा नमुना आणला आणि जुना नमुना मागें पडला. नव्या गाडीचें इंजिन वेगळें काढून तेथें दुसरें बसवितां येत नाहीं. म्हणून शेतीच्या यंत्राखालीं सांपडते ती बहुधा जुनीच बुलेट. अशा गाड्यांची संख्या यापुढें वाढणार नाहीं. त्यांच्या गियर-पेटीचे दांते, क्लचच्या पट्ट्या इत्यादि भाग निरनिराळ्या लहान कारखान्यांत तयार होऊन बाजारांत येतात आणि त्यांचा कस सारखा नसतो.

सनेडोची गोष्ट आणखी निराळी आहे. त्याचें पुढचें चाक व हँडल मोटारसायकलीच्या घाटाचें असतें, इंजिन बहुधा दहा अश्वशक्तीच्या सुमारास असतें, आणि बाकीचें शरीर लहान लहान कारखान्यांतून जोडलेलें असतें. चाकाचा तुंबा एका वाहनाचा, ब्रेक दुसऱ्याचा, आंस लेथवर केलेला, अशी ती जुळवाजुळव असते. एकाच कारखान्याच्या दोन वर्षांच्या यंत्रांतही फरक सांपडतो. त्यामुळें 'सनेडोचा भाग' म्हणून दुकानीं मागणें व्यर्थ होय. हें यंत्र एका कुळीचें नाहीं. त्याच्या प्रत्येक भागाची कुळी वेगळी आहे.

चार दिवसांचें मोल

माझ्या पाहण्यांतील एका शेतकऱ्याचें उदाहरण देतों. ऐन श्रावणांत त्यांच्या यंत्राचें मागील चाक डगमगूं लागलें. एरंडोलहून जळगांव तीसेक किलोमीटर आहे. ते तेथें गेले आणि अमुक यंत्राची बेअरिंग द्या म्हणून त्यांनीं मागितली. दुकानदारानें विचारलें, "कोणत्या गाडीची?" यास उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं चाक खोलून, जुनी बेअरिंग घेऊन ते पुन्हां गेले, तों तिच्या अंगावरील आंकडे हातोड्याच्या घावांनीं पुसलेले. अखेर एका जुन्या कारागिरानें व्हर्निअर लावून माप घेतलें, तेव्हां ती ६२०५ या अगदीं सामान्य क्रमांकाची निघाली. विहिरीवरील विजेच्या मोटारींत पुष्कळदां तीच असते, आणि गांवांतील मोटार दुरुस्त करणाऱ्याकडेही ती होती. परंतु हें कळेपर्यंत चार दिवस गेले होते आणि पांचव्या दिवशीं पाऊस लागला. पुढें जमिनींत पाय ठेवतां येईपर्यंत तणानें कपाशीस झांकलें, आणि सारें रान मजूर लावून निंदून घ्यावें लागलें. एक बेअरिंग किती स्वस्त आणि तिच्या नांवाचें अज्ञान किती महाग, याचा हा हिशेब होय.

यंत्राचा सात-बारा

महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत माझें आयुष्य गेलें, म्हणून या अडचणीवरील उपायही मला तेथलाच सुचतो. जमिनीचा मालक कोण हें गांव नमुना ७ सांगतो, तींत दरसाल काय पिकलें हें नमुना १२ सांगतो, आणि हक्कांत झालेला प्रत्येक बदल नमुना ६ मध्यें, म्हणजे फेरफारांत, नोंदला जातो. यंत्रासही असेंच दप्तर असावें. त्यासाठीं एक जाड पुठ्ठ्याची वही पुरते. तिचे तीन भाग करावे.

पहिल्या भागांत प्रत्येक झिजणाऱ्या भागाची नोंद असावी: भागाचें नांव, तो मूळ कोणत्या वाहनाचा, त्याच्या अंगावरील क्रमांक, मोजलेलें माप, आणि तो कोठें मिळतो. हा यंत्राचा नमुना ७. दुसऱ्या भागांत बदलाची नोंद असावी: कोणत्या तारखेस कोणता भाग काढला, त्याजागीं कोणता बसविला, किंमत काय पडली, आणि बदलण्याचें कारण काय. हा फेरफार. तिसऱ्या भागांत दर दिवशीं यंत्र किती तास चाललें, कोणतें काम केलें व किती डिझेल लागलें तें लिहावें. हा नमुना १२. तासांची नोंद नसेल तर तेल केव्हां बदलावयाचें हें केवळ अंदाजावर राहतें, आणि अंदाज नेहमीं आळसाच्या बाजूस झुकतो.

पहिला भाग भरण्यास योग्य वेळ म्हणजे यंत्र घरीं आणल्याचा दिवस. विकणाऱ्यासमोर वही घेऊन बसावें आणि प्रत्येक भाग कोणत्या वाहनाचा हें त्याजकडून लिहून घ्यावें. यंत्र जुनें असल्यास आखाजीपूर्वीं, उन्हाळ्यांत, तें एकदां पूर्ण खोलून मापें घ्यावीं. इंजिनवरील धातूच्या पट्टीवरचा नमुना व क्रमांक प्रथम उतरून घ्यावा. पुढें ती पट्टी तेलानें व धुळीनें वाचेनाशी होते.

क्रमांक कसे वाचावे

ही नोंद करावयास इंग्रजी विद्येची गरज नाहीं. कांहीं खुणा समजल्या म्हणजे पुरे.

(१) बेअरिंग. हिचे क्रमांक जगभर सारखे आहेत, मग ती कोणत्याही कंपनीची असो. शेवटच्या दोन आंकड्यांस पांचानें गुणिलें असतां आंतील भोंकाचा व्यास मिलिमीटरांत निघतो. ६२०४ चें भोंक २० मिलिमीटर, ६२०५ चें २५, ६२०६ चें ३०. हा नियम ०४ पासून पुढें लागू आहे. ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७ असें लक्षांत ठेवावें. ६२०५ चा बाहेरील व्यास ५२ व जाडी १५ मिलिमीटर असते. क्रमांकापुढें 'झेड-झेड' असल्यास दोहों बाजूंस पत्र्याचें झांकण असतें आणि 'टू-आर-एस' असल्यास रबराचें. शेतांतील चिखल व धूळ यांसाठीं रबरी झांकणाची घ्यावी. आंस ज्या ओतीव घरांत फिरतो त्या घरावर 'यूसीपी २०५' असें कांहीं असतें. तेथेंही शेवटचे आंकडे आंसाचा व्यास सांगतात.

(२) ऑइल सील. हिच्या कडेवर तीन आंकडे असतात: आंतील व्यास, बाहेरील व्यास व जाडी. तीनही उतरून घ्यावे. सील ही किरकोळ वस्तु आहे, परंतु ती फाटली म्हणजे तेल बाहेर जातें, चिखल आंत शिरतो आणि बेअरिंग मरते. म्हणून बेअरिंग बदलतांना सील नवीच घालावी.

(३) चेन. ४२८, ५२०, ५३० अशा आंकड्यांतील पहिला आंकडा म्हणजे एका खिळ्यापासून दुसऱ्या खिळ्यापर्यंतचें अंतर, एक-अष्टमांश इंचांत. ४ म्हणजे अर्धा इंच, ५ म्हणजे पांच-अष्टमांश इंच. अर्ध्या इंचाच्या चेनचीं चोवीस अंतरें ताणून मोजलीं तर नव्या चेनमध्यें तीं बरोबर एक फूट भरतात. तीं सव्वाबारा इंच भरूं लागलीं म्हणजे चेन टाकून द्यावी. जुन्या दांत्यांवर नवी चेन चढवूं नये. झिजलेलें दांतेचक्र नव्या चेनचा लवकरच फडशा पाडतें.

(४) पट्टा. कांहीं यंत्रांत इंजिनापासून गियर-पेटीपर्यंत पट्टा असतो. 'बी ५२' म्हणजे बी जातीचा, सुमारें १७ मिलिमीटर रुंदीचा, आंतून ५२ इंच लांबीचा. दोन पट्टे जोडीनें चालत असतील तर दोन्ही एकदम बदलावे, नाहींतर नव्यावरच सारा भार पडतो.

(५) बोल्ट. जुन्या बुलेटवर कित्येक बोल्ट विलायती इंच-मापाचे आणि मागील जोडणीवर मिलिमीटर मापाचे, असें मिश्रण सांपडतें. दहा मिलिमीटरच्या बोल्टमध्येंही जाड व बारीक असे दोन आटे येतात. आटा हातानें सहज चार फेरे बसला तरच पाना लावावा. जोर करून बसविलेला बोल्ट कवचाचा आटा खातो.

(६) टायर. आंकडे त्याच्या बाजूवरच छापलेले असतात. ४.०० - ८ हा ऑटोरिक्षाचा, ६.०० - १२ हा पॉवर टिलरचा. हे दोन्ही सहज मिळणारे आहेत. यंत्र घेतांना असा चालू मापाचा टायर पाहूनच घ्यावें.

भाग कोठें शोधावे

एकदां कुळी कळली म्हणजे बाजार आपोआप उघडतो. बेअरिंग, सील व पट्टा यांसाठीं मोटार-पंप दुरुस्तीचें दुकान. तुंबा, ब्रेक, तारा व टायर यांसाठीं ऑटोरिक्षाच्या भागांचें दुकान. गियर-पेटीसाठीं बुलेटचा जुना मिस्त्री. आणि इंजिनसाठीं त्या कंपनीचा नेमलेला विक्रेता. यांपैकीं पहिल्या दोहोंचें काम एरंडोल, धरणगांव किंवा पारोळा येथें व्हावें. बाकीच्यांसाठीं जळगांव अथवा धुळें गांठावें. ऑटोरिक्षा आपल्या राज्यांत आकुर्डीच्या कारखान्यामुळें घरोघरच्या परिचयाची आहे, म्हणून तिचे भाग सर्वांत सुलभ. जेथें दोन वाहनांचे भाग बसूं शकतात तेथें रिक्षाचाच पत्करावा.

जुन्या बुलेटच्या भागांसाठीं दिल्लींतील करोल बाग प्रसिद्ध आहे, आणि डिझेल इंजिनांच्या भागांसाठीं राजकोट. धरणगांव, अमळनेर व नंदुरबार यांवरून जाणारी लोहमार्गाची वाट सुरतेस पोंचते आणि तेथून सौराष्ट्र जवळ होतें. परंतु ही वाट उन्हाळ्यांत चालावी, पावसाळ्यांत नव्हे. दूरचा भाग मागवितांना केवळ नांव न कळवितां क्रमांक, माप व जुन्या भागाचें छायाचित्र, ज्यांत शेजारीं मोजपट्टी ठेवलेली आहे असें, पाठवावें. भाग हातीं आल्यावर बसविण्यापूर्वीं जुन्याशीं ताडून पाहावा. आणि काढलेला जुना भाग, तो निरुपयोगी झाला तरी, चिठ्ठी बांधून पेटींत ठेवावा. तो पुढील खेपेस नमुना होतो.

कोठें झिजतें आणि कां

मोटारसायकल वळणावर कलते, आणि त्यामुळें वळणाचा जोर चाकाच्या उभ्या पातळींतच राहतो. तीन चाकांचें यंत्र कलूं शकत नाहीं. म्हणून वळतांना पुढील चाकावर आडवा जोर येतो, आणि तो सोसण्यासाठीं मोटारसायकलीचें चाक, फोर्क व हँडलाखालील बेअरिंग मुळांत घडविलेलीं नसतात. या एका गोष्टींतून यंत्राच्या पुढील भागाच्या बहुतेक तक्रारी निघतात. आरे सैल होतात, रिम वांकते, हँडलाच्या गळ्यांत खेळ येतो. दर आठवड्यास पुढचें चाक उचलून आऱ्यांवर पान्यानें हलकेच टकटक करावें. सैल आऱ्याचा आवाज बद्द येतो. फोर्कचीं खालचीं टोंकें धरून पुढें-मागें हलवावें. खटका लागल्यास गळ्यांतील बेअरिंग घट्ट करावी किंवा बदलावी.

मागील बाजूस वेगळा प्रकार आहे. ज्या यंत्रांत डिफरन्शिअल नाहीं आणि दोन्ही चाकें एकाच आंसावर पक्कीं बसविलीं आहेत, तेथें वळतांना बाहेरील चाकास जास्त अंतर चालावें लागतें, पण तें चालूं शकत नाहीं. एक चाक घसटतें आणि आंसास पीळ बसतो. मऊ जमिनींत हें खपतें. कठीण रस्त्यावर आंस तुटतो. आंस तुटल्यास वेल्डिंग करून तो पुन्हां वापरूं नये. आंसाचें पोलाद बहुधा मध्यम कार्बनाचें असतें. साध्या वेल्डिंगशेजारीं तें ठिसूळ होतें आणि दुसऱ्या खेपेस विनासूचना तुटतें. कारागिराकडून ई. एन. ८ जातीच्या पोलादाचा नवा आंस लेथवर करून घ्यावा, आणि त्याचें माप वहींत उतरावें. आउताच्या दांड्याचे सांधे मात्र वेल्डिंगचेच असतात. त्यांवर रंगांत उठलेली बारीक रेघ दिसली तर ती रंगाची नसून लोखंडाची चीर समजावी.

नित्य, साप्ताहिक व वार्षिक निगा

रोज सकाळीं: इंजिन तेलाची पातळी, चाकांची हवा, चेनची सैलता, ब्रेक व बोल्ट पाहावे. हवेनें थंड होणाऱ्या इंजिनाच्या पाकळ्यांत काडीकचरा व तेलकट धूळ बसली तर इंजिन तापून अडकतें. ती रोज सायंकाळीं कुंचल्यानें झाडावी. गरम इंजिनावर पाणी ओतूं नये.

दर आठवड्यास: हवेची गाळणी साफ करावी. ती तेलाच्या वाटीची असेल तर गढूळ तेल ओतून नवें भरावें. कोरड्या कोळपणींत धूळ फार उडते, तेव्हां हें रोज करणेंही जास्त नव्हे. डिझेल इंजिनाचें आयुष्य खाणारी पहिली वस्तु म्हणजे गाळणीवांचून आंत गेलेली धूळ होय. इंजिन तेल पुस्तिकेंत सांगितलेल्या तासांनीं बदलावें. नव्या किंवा नुकत्याच उघडलेल्या इंजिनाचें पहिलें तेल त्याहून पुष्कळ लवकर बदलावें. डिझेल टाकींत ओततांना स्वच्छ जाळी धरावी, आणि गाळणी बदलल्यावर नळींतील हवा काढल्याशिवाय इंजिन लागलें नाहीं तर घाबरून जाऊं नये.

ब्रेक तेलाचे असल्यास त्यांत केवळ ब्रेकचेंच तेल घालावें. इंजिनाचें तेल घातल्यास आंतील रबर फुगतें आणि ब्रेक निकामी होतो. हें तेल हवेंतील ओल शोषतें, म्हणून दर दोन वर्षांनीं बदलावें. मोटारसायकलीचा मूळचा मागील ब्रेक एका चाकासाठीं होता हें विसरूं नये. दोन चाकांपैकीं एकाच चाकावर ब्रेक असेल तर तो दाबतांच यंत्र त्या बाजूस ओढलें जातें. दोहोंवर ब्रेक बसवून घेणें हा खर्च वायफळ नाहीं.

आखाजीपूर्वीं: वाल्व्हचें अंतर थंड इंजिनावर, पुस्तिकेंतील मापाप्रमाणें, पात्यांच्या गेजनें तपासून घ्यावें. सर्व बेअरिंगा हातानें फिरवून पाहाव्या. खरखर लागली तर हंगामाची वाट न पाहतां बदलाव्या. पोळा झाल्यावर दुसरी तपासणी करावी. हंगाम संपल्यावर यंत्र धुऊन, चेनला तेल देऊन, टायरांचा भार काढून छपराखालीं ठेवावें. उंदीर तारा कुरतडतात, तेव्हां कडब्याजवळ ठेवूं नये.

जीवाची काळजी

तीन गोष्टी सालदारास व मुलांस स्पष्ट बजावाव्या. पहिली, उघडी चेन व पट्टा यांवर पत्र्याचें झांकण असल्याखेरीज यंत्र सुरू करूं नये. धोतराचा सोगा, उपरणें किंवा ओढणी क्षणांत आंत ओढली जाते. दुसरी, इंजिन चालू असतां डिझेलच्या फवाऱ्याच्या नळीवर हात धरून गळती शोधूं नये. तो फवारा डोळ्यांस दिसत नाहीं इतका बारीक आणि कातडींत शिरण्याइतका जोरदार असतो. असें झाल्यास जखम लहान दिसली तरी तत्काळ इस्पितळ गांठावें. तिसरी, पुढें एकच चाक असलेलें यंत्र बांधावर, उतारावर किंवा वेगांत वळतांना उलटतें. बांध ओलांडतांना आऊत खालीं घेऊन, सरळ व सावकाश जावें.

कायद्याची बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या कलम ५२ प्रमाणें नोंदणीच्या दाखल्यांतील तपशील बदलेल असा फेरबदल मालकास मनास येईल तसा करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हाच अर्थ स्पष्ट केला. अपंग व्यक्तीच्या सोयीसाठीं केलेल्या वाहनास परवानगीची वेगळी वाट आहे, ती शेतीच्या आउतास लागू नाहीं. म्हणजे जुन्या बुलेटपासून केलेलें आऊत शेतांत चालविणें एक, आणि धुळें-जळगांव राष्ट्रीय महामार्गावर नेणें दुसरें. हा महामार्ग पूर्वीं क्रमांक ६ होता, आतां ५३ आहे, आणि तो एरंडोलास लागूनच जातो. त्यावर नोंदणी व विमा नसलेलें यंत्र नेऊन अपघात झाला, तर भरपाईचा बोजा मालकाच्या जमिनीपर्यंत येऊं शकतो. लांबच्या रानांत न्यावयाचें असल्यास तें ट्रॉलींत घालून न्यावें. बुलेट मोडून आऊत करतांना तिची नोंदणी परिवहन कार्यालयांत लेखी कळवून रद्द करून घ्यावी, आणि ती पोंच वहींतच चिकटवावी.

पेटींत काय असावें

मागील चाकाच्या दोन बेअरिंगा व दोन सीली, चेनचे दोन जोडदुवे, एक पट्टा, डिझेलची व तेलाची एकेक गाळणी, क्लच व ब्रेकच्या एकेक तारा, पुढील चाकाचे सहा आरे, एक ट्यूब, आणि प्रत्येक मापाचे चार-चार बोल्ट: इतकें सामान मृगापूर्वीं घरीं असावें. यंत्राच्या किमतीच्या मानानें हा खर्च थोडा आहे. ज्या गांवांत एकाच घाटाचीं तीन-चार यंत्रें असतील तेथें मालकांनीं वर्गणी करून एकच पेटी ठेवली तर खर्च आणखी वांटला जाईल, आणि गियर-पेटीसारखा महाग भागही एक शिल्लक ठेवतां येईल. मात्र त्यासाठीं चौघांच्या वह्या प्रथम ताडून पाहाव्या. बाहेरून सारखीं दिसणारीं यंत्रें आंतून सारखीं असतीलच असें नाहीं.

बैलास दावणीवर वैरण लागे, यंत्रास वहींत शाई लागते. येत्या आखाजीपूर्वीं एक दिवस काढून शेतकरी बंधूंनीं आपल्या यंत्राच्या दहा-पंधरा मुख्य भागांचे क्रमांक उतरून घ्यावे. मग ऐन वाफशांत कांहीं मोडलें तर दुकानदाराच्या प्रश्नास उत्तर तयार असेल, आणि कोळपणी दुसऱ्या दिवशीं पुन्हां सुरू होईल.